कोळशावरचं मीठ

रोज्विता लेनिक आमच्या वीजकेंद्रात सदतीस वर्षं पारा मोजत होती. म्हणजे नेमकं काय करत होती, असं लोक विचारतात, तेव्हा मी एवढंच सांगतो: पूर्व जर्मनीतल्या आमच्या लाउझित्स भागातल्या तपकिरी कोळशात पारा असतो, अगदी नावापुरता. कोळसा जळला की त्याची वाफ होते आणि तो धुराबरोबर चिमणीकडे पळतो. किती पळाला हे सांगायचं काम रोज्विताचं. साखरेच्या एका दाण्याचे साठ तुकडे करा. त्यातला एक तुकडा कपाटाएवढ्या हवेत सापडला, की ती वहीत लिहायची, "दहा."

या दहाच्या आकड्यानेच आमची झोप उडवली होती. नवा नियम आला होता की वर्षाची सरासरी दहाच्या आत हवी. बाकीचे ब्लॉक, म्हणजे वीज बनवणारे संच, तरुण होते, ते जमवत होते. आमचा ब्लॉक बी, केंद्रातलं सगळ्यात जुनं आणि लहान धूड, चौदा-पंधराच्या खाली उतरायला तयार नव्हता. उतरला नाही तर तो बंद होणार आणि त्याच्यावर जगणारे आम्ही बेचाळीस जण घरी बसणार, हे कंपनीने गोड शब्दांत पण अगदी स्पष्ट कळवलं होतं. मी त्या बेचाळिसांतला एक. फोल्कमार माझं नाव, ब्लॉक बीच्या नियंत्रण कक्षातला पाळीप्रमुख. वय एकावन्न, कर्ज फिटलेलं, पण दुसरीकडे कुणी घेईल अशी आशा मला स्वतःलाही नव्हती.

रोज्विता मात्र त्या बेचाळिसांत नव्हती. ती प्रयोगशाळेची माणूस, आणि मार्चअखेर निवृत्त होणार होती. ठेंगणी, गोल चष्म्याची, बारा महिने सायकलवरून येणारी. चिमणीवर पारा मोजणारं यंत्र बसवलेलं होतं, ते दर मिनिटाला आमच्या पडद्यावर आकडा पाठवायचं. रोज्विताचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "यंत्राला काय, भूक लागत नाही की लाज वाटत नाही," असं म्हणून ती आठवड्यातून दोनदा काचेच्या नळ्या घेऊन चिमणीच्या माचीवर चढायची. नळीत कोळशाची बारीक पूड असते, तिच्यातून धूर ओढला की पारा तिथे अडकतो. नळ्या नेहमी दोन. एकीने काही सांगितलं, तर ते दुसरीने कबूल करेपर्यंत ती कुणालाही आकडा देत नसे. साक्षात संचालक आले तरी नाही.

तिचा नवरा हार्टमुट कुंपणापलीकडे, खाणीच्या कडेला जिथे मालगाडीच्या वाघिणी भरतात तिथे होता, आणि तो आमच्या बेचाळिसांत मोडायचा. म्हणजे कोळसा केंद्रात शिरताना नवऱ्याच्या हाताखालून यायचा आणि धूर होऊन बाहेर पडताना बायकोच्या. यावरून आम्ही त्यांची इतकी थट्टा करायचो की शेवटी आमच्याच थट्टेचा आम्हाला कंटाळा आला. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं रोज संध्याकाळी जेवताना भांडायचे: तुझा कोळसा ओला, नाही, तुझंच माप चुकलं. मग रोज्विताने नियम केला की कोळसा दाराबाहेर. घरात कामाचा शब्द काढायचा नाही. तेहतीस वर्षं त्यांनी तो पाळला. मी असतो तर आठवडाभरात मोडला असता.

तर त्या डिसेंबरात ड्रेस्डेनहून डॉक्टर फ्राउके आलर्स आल्या. तिशीच्या, उंच, बोलण्यात तेज. त्यांनी ब्लॉक बीच्या मागे एक कोठी उभी केली आणि तिच्यातून काळ्या कोळशाची पूड धुरात फुंकायला सुरुवात केली. नळीत जे होतं तेच मोठ्या प्रमाणावर. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली, पूड फुंकली जात होती, आणि आकडा उतरला. बारा, नऊ, सात. पंचवीस तारखेला, पक्ष्यांच्या लग्नाच्या दिवशी, पडद्यावर सहा होता.

आमच्याकडे त्या दिवशी मुलं खिडकीत रिकामी ताटली ठेवतात आणि पक्षी लग्नाचा खाऊ ठेवून जातात. आमच्या कक्षात मुलं नव्हती, पण ताटल्या सगळ्यांनी ठेवल्या होत्या. प्रमुख टिशेनडॉर्फ साहेब स्वतः कणकेचे गोड पक्षी घेऊन आले. एरवी हा माणूस कॉफीचं दूधसुद्धा मोजून घालतो. डॉक्टर आलर्सना टाळ्या मिळाल्या. तेवढ्यात रोज्विता दारात उभी राहिली, काखेत तीन जुन्या वह्या.

"अभिनंदन," ती म्हणाली. "पण हे तुमच्या पुडीने झालेलं नाही, डॉक्टरबाई. हे मिठाने झालंय."

आमच्या आनंदावर असं विरजण पडलं की मी हातातला पक्षी खाऊ की ठेवू अशा अवस्थेत उभा राहिलो.

"कसलं मीठ, लेनिकबाई?" साहेबांनी विचारलं.

"वाघिणींवरचं. कोळसा अर्धा पाण्याचाच असतो. गोठला की वाघिणीला चिकटून बसतो. म्हणून पाणी गोठायला लागलं की माझा नवरा त्यावर मिठाचं पाणी फवारतो. या वह्या बघा. मी रोज हवामान लिहिते. सायकलचा रस्ता निसरडा आहे का, ते कळावं म्हणून. गेली वीस वर्षं, ज्या आठवड्यात गारठा, त्या आठवड्यात धुरातला पारा कमी. मी म्हणायचे, थंडीमुळे असेल. परवा हार्टमुटची कामाची विजार धुवायला काढली, तर ती जमिनीवर आपली आपण उभी राहिली. मिठाने ताठ! मग चिमणीत जाण्याआधी धूर ज्या पाण्याने धुतला जातो, ते पाणी मी तपासलं. मीठ दुप्पट."

डॉक्टर आलर्स लक्ष देऊन ऐकत होत्या. रोज्विता त्यांच्याकडे वळली.

"तुम्हाला मी काय सांगायचं? एकटा पारा पाण्यात विरघळत नाही. धुलाईच्या पावसातून कोरडा निघून जातो. मिठातल्या क्लोरीनशी भट्टीतच त्याची जोडी जमली, तर मग विरघळतो आणि आपल्या हाती लागतो."

"तत्त्वतः बरोबर आहे," आलर्स म्हणाल्या. "पण माझी पूडही काम करते."

"करत असेल. थोडं. पण एप्रिलमध्ये फवारा बंद होईल. मग आकडा परत चौदावर जाईल, आणि तोवर कंपनीने तुमच्या महागड्या पुडीवर भरवसा ठेवून बसायचं? तेव्हा म्हणतील, एवढं करूनही जमत नाही, टाका कुलूप."

सगळे तिच्यावर उखडले. मीसुद्धा. आधीच सांगतो, मला त्याची लाज वाटते. मी म्हणालो, "रोज्विता, तू दोन महिन्यांनी घरी बसून जवसाचं तेल घालून बटाटे खाणार. आमच्या पोटावर का उठलीस?" तिने माझ्याकडे फक्त चष्म्यावरून पाहिलं. ते पाहणं मला दोन रात्री पुरलं.

टिशेनडॉर्फ साहेब चिडके आहेत, पण सरळ. आठवडाभराने त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं: रोज्विता, आलर्स आणि मी. म्हणाले, "तीन दिवस पूड बंद. मीठ चालू. आकडा खाली राहिला तर लेनिकबाईंचं खरं. पंधराच्या वर गेला, तर त्याच क्षणी पूड चालू आणि मिठाचा विषय मला पुन्हा ऐकायचा नाही. आणि एक गोष्ट. लेनिकबाई, तुमचा नवरा त्या टोकाला, तुम्ही या टोकाला. उद्या कुणी म्हणायला नको की घरच्या घरी जुळवून घेतलं. त्याला यातलं काही कळता कामा नये. मी फक्त निरोप देतो, वाघिणींचं नेहमीसारखं चालू द्या."

"मी घरी तसंही बोलत नाही," रोज्विता म्हणाली.

पहिला दिवस, मंगळवार, बाहेर उणे सहा. पूड बंद केली. आकडा सहा, साडेसहा, सहा. माझा जीव थोडा भांड्यात पडला. आलर्स म्हणाल्या की धुराच्या नळांच्या आत जुनी पूड चिकटलेली आहे, ती अजून पारा धरत असेल, घाई नको. तेही बरोबरच होतं.

बुधवारी सकाळी छपरावरून पाणी ठिबकायला लागलं. रात्रीतून वारा फिरला होता. अकराच्या सुमाराला पडद्यावर सात आला. मग आठ. सव्वाअकराला दहा. माझ्या बाजूचा माणूस पुटपुटला, "गेलं." साडेअकराला बारा. टिशेनडॉर्फ साहेब आले, मागोमाग आलर्स, आणि शेवटी रोज्विता, प्रयोगशाळेचा पांढरा कोट घालून, धापा टाकत.

"तेरा," मी म्हणालो.

"नळांतली पूड संपली," आलर्स हळू आवाजात म्हणाल्या. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मी आजही त्यांच्या बाजूने सांगेन.

"लेनिकबाई," साहेब म्हणाले, "मला वाटतं आपण—"

"चढायला कधी लागला?" रोज्विताने त्यांना अर्ध्यावर तोडलं. साहेबांना अर्ध्यावर तोडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"बरोबर अकराला," मी म्हणालो.

ती बोटांवर हिशेब करायला लागली. "वाघीण रिकामी व्हायला अर्धा तास. पट्ट्यावरून वर यायला वीस मिनिटं. तुमच्या कोळशाच्या कोठ्या लहान, कोळसा तीन तासांत तळाशी जातो. मग चक्की, मग भट्टी. चार तास. म्हणजे सातला. आज सकाळी सातला वाघिणींच्या आवारात काय झालं?"

कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी फोन उचलला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. पलीकडे हार्टमुट. मागे पट्ट्याचा खडखडाट.

"लेनिक, आज सकाळी सातला तुम्ही काय केलंत?"

"सातला?" हार्टमुट विचारात पडला. "काकडी आणि पाव खाल्ला."

"अजून?"

"अजून काय? मिठाचा नळ बंद केला."



"का बंद केलात?" साहेबांचा आवाज विचित्र लागला.

"का म्हणजे? बाहेर प्लस चार आहे, साहेब! बर्फ वितळायला लागला. तुम्हीच निरोप दिला होता ना, नेहमीसारखं चालू द्या? चाळीस वर्षांचं नेहमीचं हेच आहे. गोठायचं थांबलं की नळ बंद. फुकट मीठ कोण ओतेल? एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही हातोड्याने कोळसा फोडायचो, तेव्हासुद्धा एक खडा वाया घालवला नाही."

सगळ्यात आधी डॉक्टर आलर्स हसायला लागल्या. मग मी. मग रोज्विता अशी हसली की तिला चष्मा काढून कोटाच्या टोकाने डोळे पुसावे लागले. कुणी न सांगता, कुणाला न कळता, हार्टमुटने तो प्रयोग करून दाखवला होता जो साहेबांनी कधीच करू दिला नसता. मीठ थांबलं, आणि बरोबर चार तासांनी पारा वर आला. आणि नवरा-बायकोने जुळवून घेतलं असं म्हणायला कुणाला जागाच उरली नव्हती.

रोज्विताने साहेबांच्या हातातून फोन घेतला. "हार्टमुट, नळ उघड."

"रोज्विता? तू तिथे काय करतेस?"

"नळ उघड म्हणते ना."

"अगं, पण बर्फ कुठाय? घरी सूपमध्ये चिमूटभर जास्त पडलं तर डॉक्टरांचा कागद नाचवतेस, आणि इथे म्हणतेस ओत!"

"हार्टमुट!"

"उघडला, उघडला. बाई, काय हा ताल."

तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पडद्यावर चौदा.

पुढचे चार तास मला विचारू नका. मीठ लागलेला कोळसा वाघिणीतून, पट्ट्यावरून, कोठीतून सावकाश आमच्याकडे येत होता, आणि बिनमिठाचा आमच्या भट्टीत जळत होता. चौदा पूर्णांक दोन. चौदा पूर्णांक पाच. पूड चालू करायचं बटण आलर्सच्या हाताशी होतं. दोनला आकडा चौदा पूर्णांक आठवर गेला आणि टिशेनडॉर्फ साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पंधराच्या वर म्हणाला होतात," आलर्स म्हणाल्या. "हे पंधरा नाहीत. थांबू या."

लक्षात घ्या, दोन महिने खपून उभारलेली कोठी त्यांची होती. पूड चालू केली असती तर पुढचं काहीच सिद्ध झालं नसतं आणि श्रेय अर्धं तरी त्यांच्याकडे राहिलं असतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि बटणाकडे पाठ करून बसल्या. मी त्यांना माझ्या डब्यातला केक दिला.

दुसऱ्या पाळीची माणसं आली, पण पहिलीची गेली नाहीत. कक्षात उभं राहायला जागा नव्हती. चार वाजून सात मिनिटांनी चौदा पूर्णांक तीन झाले. चौदा. तेरा. साडेचारला अकरा. पाचला साडेसात. पाच वाजून वीस मिनिटांनी सहा पूर्णांक दोन, आणि पूड बंदच होती.

जो ओरडा झाला तो मी फक्त सुरुवातीला ऐकला, कारण पुढे मीच ओरडत होतो. साहेब मायक्रोफोनकडे निघाले, सगळ्या केंद्राला सांगायला.

"थांबा," रोज्विता म्हणाली. "हा यंत्राचा आकडा आहे."

"लेनिकबाई, आता तरी!"

"माझ्या नळ्या व्हायच्यात."

तिला एकटीला वर कशी जाऊ द्यायची? मी नळ्यांची पेटी घेऊन तिच्याबरोबर गेलो. लिफ्ट ऐंशी मीटरवर थांबली. माचीवर वारा उबदार होता, फेब्रुवारीत असतो त्याहून खूपच. तिने दोन्ही नळ्या धुराच्या भोकात सरकवल्या, पंप लावला, घड्याळ बघितलं. अर्धा तास. खाली दिवे लागले होते, आणि खाणीच्या कडेला फवाऱ्याखालून एकेक वाघीण सरकत होती. तिथे एक पिवळं जाकीट इकडेतिकडे फिरत होतं.

"वेडा," ती म्हणाली, आणि इतक्या मायेने म्हणाली की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

मग मी मनातलं बोलून टाकलं. "त्या दिवशी मी तुला टाकून बोललो. माफ कर."

"तू एकटाच नव्हतास."

"आणि चुकली असतीस तर?"

"तर तुम्ही बेचाळीस जणांनी मला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. त्यातला एक तर माझ्याच पलंगावर झोपतो." ती कठड्याला टेकली. "मला काय हौस होती का, फोल्कमार? पंचवीस तारखेला तुमच्या ताटल्या बघितल्या ना, तेव्हा जिन्यात दहा मिनिटं उभी होते. वाटलं, जाऊ दे, मला काय, मार्चपर्यंत गप्प बसावं. पण मग एप्रिलमध्ये तुम्ही सगळे खड्ड्यात, आणि मला माहीत होतं, हे मी कुणाला सांगितलं असतं? घरी तर बोलायचं नाही."

खाली आलो तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात इतकी गर्दी होती की आम्हाला वाट काढावी लागली. टिशेनडॉर्फ साहेब खिडकीशी, आलर्स यंत्राशेजारी. रोज्विताने पहिली नळी तापवायला घातली. दोन मिनिटांनी आकडा आला, हिशेब करून तिने वहीत लिहिलं: सहा पूर्णांक एक.

"सांगू?" साहेबांनी विचारलं. चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, पण आवाज शाळकरी पोरासारखा.

"दुसरी नळी," ती म्हणाली.

कुणी कुरकुर केली नाही. दुसरी नळी यंत्रात गेली. आलर्सनी नकळत रोज्विताची बाही धरली होती. मी मनात बेचाळीस जणांची नावं म्हणत होतो, पाळीपाळीने, आणि हार्टमुटच्या नावाशी आलो तेव्हा यंत्राने कागद बाहेर काढला.

रोज्विताने तो उजेडात धरला. चष्मा वर केला, खाली केला. पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहिला, सहा पूर्णांक तीन, आणि त्याच्या खाली आपली सही केली. मग वही मिटली आणि साहेबांकडे वळली.

"आता सांगा," ती म्हणाली.